नवरीच्या पुढे फळ्या

“दोन सीटा! घरात माणसं पाच, आणि गाडीला सीटा दोन! बाकीच्या तिघांनी काय, मागून पळत यायचं?”

हे शब्द मालनच्या कानांवर पडले ते तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. ‘पडले’ असं ती म्हणते. खरं म्हणजे तांदूळ निवडायचं ताट पोटाशी धरून ती अर्धीअधिक खिडकीबाहेर गेली होती. अजून वीतभर पुढे झुकली असती, तर शब्द तिच्यावर न पडता तीच शब्दांवर पडली असती.

खाली गल्लीत हर्षदशेठ आणि त्यांची बायको मृणालिनी भांडत होते. जोगेश्वरीच्या त्या गल्लीत जुन्या बैठ्या चाळी पाडून बिल्डरने दोन इमारती उभ्या केल्या होत्या. मागची ठेंगणी इमारत चाळीतल्या जुन्या लोकांची, तिथे मालन राहायची. पुढचा उंच टॉवर विकत घेणाऱ्यांचा, तिथे हर्षदशेठ. बाटल्यांची बुचं बनवायचा त्यांचा कारखाना. आख्ख्या मुंबईने बाटल्या उघडल्या आणि शेठच्या घरात गाडी आली, असं मालनची शेजारीण नंदा म्हणायची.

गाडी भांडणाच्या मधोमध उभी होती. उभी कसली, बसलीच होती. नारिंगी, चपटी, जमिनीला पोट टेकून, इस्त्री फिरवलेल्या बेडकासारखी. आणि टॉवरच्या फाटकाबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरसमोर तिचं नाक अडलं होतं. पुढे जावं तर नाक घासणार, मागे जावं तर शेठचं नाक कापलं जाणार.

“ही रेसची गाडी आहे, मृणालिनी. जगात अशा चारशेच काढल्यात.”

“मग बाकीचे सगळे शहाणे रेसच्या मैदानाशेजारी राहत असतील. तू जोगेश्वरीत राहतोस! आणि तू कसा चालवतोस ते मला माहीत आहे. ह्या गल्लीत पोरं खेळतात, हर्षद. एक दिवस कुणाच्या तरी अंगावर घालशील.”

“अगं, आधी स्पीडब्रेकरच्या अंगावर तर घालू दे!”

मालनला हसू आवरेना. ही मज्जा नवऱ्याला दाखवावी म्हणून ती वळली, तर नवरा खाटेवरची गादी गुंडाळत होता.

“अहो, काय करताय?”

“फळ्यो काढतंय,” बाळा म्हणाला. “दोन होये.”

ती खाट बाळाने स्वतः केलेली. गावच्या फणसाचं लाकूड, दीड वीत रुंद आणि चांगल्या जाडीच्या फळ्या. मालन त्या घरात नवरी म्हणून आली तेव्हापासून त्यांच्यावर झोपत आली होती. त्यातल्या मधल्या दोन फळ्या काखेत मारून बाळा जिना उतरला. ना शेठशी ओळख, ना पाळख. स्पीडब्रेकरला फळ्या तिरक्या लावल्या, पायाने दाबून पाहिल्या, आणि तोंड वर करून शेठला म्हणाला, “येवा.”

गाडी आली. आवाज न करता, फळ्यांवरून मांजरासारखी वर चढली आणि उतरली. बाळाने फळ्या उचलल्या आणि पुढच्या स्पीडब्रेकरकडे चालायला लागला. गल्लीत असे चार. चारही झाले, गाडी हायवेला लागली, आणि तिथे तिने असा काही आवाज काढला की खिडकीतल्या मालनच्या ताटातले तांदूळ हलले.

त्या दिवसापासून बाळा मेस्त्रींना कामधंदा लागला.

आता बाळा कोण, हे सांगायला हवं. सांगण्यासारखं फार नाही, हीच तर त्याची गोष्ट. बाप परळला गिरणीत, म्हणून बाळाही गिरणीत चिकटला. नीट चिकटतोय तोवर गिरणी बंद पडली. मग रक्तातली सुतारकी कामाला आली. अंधेरीपासून गोरेगावपर्यंत कितीतरी घरांत त्याने कपाटं केली, देव्हारे केले, पोरांच्या लग्नाचे चौरंग केले. पुढे खोक्यांतून कपाटं यायला लागली. खोक्यात एक वाकडी किल्ली असते, ती पिळली की कोणीही सुतार होतो. बाळाची हत्यारं गोणपाटात गुंडाळून खाटेखाली गेली आणि बाळा खिडकीपाशी बसला. लाकडाला गंज चढत नाही म्हणतात, पण सुताराला चढतो. दोन-दोन दिवस तो तोंड उघडायचा नाही. मालनचं तोंड दोघांच्या वाटचं चालायचं, म्हणून घर गप्प पडलं नाही इतकंच.

आणि आता दर रविवारी सकाळी सकाळी तो दाढी करायला लागला.

त्याची एक रीतच बसून गेली. शनिवारी शेठ गाडी मोबाईलसारखी चार्जिंगला लावायचे. रविवारी उजाडलं की बाळा म्हणायचा, “उठ गो.” मालन डोळे चोळत उठायची, कारण तिच्याच कमरेखालच्या फळ्या काढायच्या असायच्या. पहिल्याच महिन्यात बाळाने रंधा काढून फळ्यांच्या एकेका टोकाला उतार दिला आणि वर गोणपाट ठोकलं, चाक घसरू नये म्हणून. “अहो, माझी खाट आहे ती!” मालन ओरडली. “रातीक तुझी, सकाळी तिची,” बाळा म्हणाला. एका रविवारी त्याने फळ्या नेल्यात हे विसरून मालन धपकन गादीवर बसली आणि घडी घातल्यासारखी मधोमध आत गेली. पाय वर, डोकं वर, बाकी सगळी खाली. नंदाने येऊन ओढून काढलं. “जगातली महागडी गाडी रस्त्यावर जावी म्हणून खड्ड्यात कोण गेलं? तर आमची मालन,” असं नंदाने सगळ्या जिन्याला सांगितलं.

गाडीची तऱ्हा अशी की ती अर्धी बॅटरीवर आणि अर्धी पेट्रोलवर. शेठने बाळाला समजावलं, बाळाने मालनला समजावलं, आणि मालनला जे समजलं ते असं: ही गाडी गल्लीत उपास करते आणि हायवेला लागली की उपास सोडते. एकादशी आणि दुप्पट खाशी. गल्लीत तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही, त्यामुळे तिच्यासाठी कोणी बाजूला व्हायचं नाही. कुत्री उठायची नाहीत, केळीची गाडी हलायची नाही, बॅट टेकून उभी असलेली पोरं बॉलची वाट बघत उभीच राहायची. म्हणून बाळा फळ्या घेऊन पुढे चालायचा आणि ओरडायचा, “बाजू, बाजू! रे पोरा, स्टंप उचल!” दोन-दोन दिवस न बोलणारा माणूस. तो ओरडायला लागला की गल्ली आपोआप फाकायची. हळूहळू, सजूनधजून, न बोलता येते आणि पुढे वाट काढणारा असतो, म्हणून नंदाने गाडीचं नाव ठेवलं नवरी. तेच रूढ झालं.

जगातली इतकी वेगवान गाडी, आणि तिच्या पुढे कोण? बाळा, पायी, स्लिपरवर.

शेठ फिरून येईपर्यंत तो हायवेच्या कोपऱ्यावर चहाच्या टपरीशी फळ्या टेकवून बसायचा, कारण येतानाही तेच चार स्पीडब्रेकर. गाडी परत पोचवली की तो पाव आणि कोथिंबीर घेऊन वर यायचा, फळ्या खाटेत बसवायचा, मुठीने दोनदा ठोकून बघायचा आणि म्हणायचा, “बस बघू.” मालन बसायची. मग चहा.

एवढ्यावर सगळं झकास चाललं होतं. मोडता घातला तो मालनच्या जिभेने.

तिची मुलगी दीप्ती मुलुंडला दिलेली. दीप्तीच्या सासूबाई, म्हणजे मालनच्या विहीणबाई, स्वभावाने चांगल्या. फक्त त्यांच्या बोलण्यात ‘आमचे हे’ फार. आमच्या ह्यांनी बँकेत अमुक केलं, आमचे ह्या वयातही स्वतः गाडी चालवतात, चष्म्याशिवाय. हळदीकुंकवाला बायका बसल्या होत्या. विहीणबाईंनी तिसऱ्यांदा ‘आमचे हे’ म्हटलं आणि मालनच्या तोंडून निघून गेलं, “आमचे पण चालवतात. ती नारिंगी. जगात चारशेच आहेत म्हणे.”

बायका गप्प झाल्या. अशी शांतता मालनच्या आयुष्यात आजवर तिच्या बोलण्याने कधी पसरली नव्हती. ती चवीला इतकी गोड लागली की मालनने आणखी दोन घास घेतले. शेठला काय येतंय, आमच्या ह्यांच्याच हातात सगळं असतं. वेग? वेगाचं काय विचारता! कांजूरमार्गला जाऊन परत येतात तोवर माझी पोळी तव्यावरच असते.

चौथी शिकलेली बाई, पण थाप मारताना बीए.

“मग आम्हाला बघायलाच हवी,” विहीणबाई म्हणाल्या. “दसऱ्याला येते. गाडीची पूजा असेलच ना?”

दसऱ्याला पूजा होतीच. टॉवरच्या पार्किंगमध्ये मृणालिनीने गाडीला झेंडूचा हार घातला होता, शेठने चारी चाकांखाली लिंबं ठेवली होती, आणि नारळ वाढवायला बाळाला बोलावलं होतं. थोरला माणूस म्हणून. मालन ठेवणीतली जांभळी साडी नेसून आली, विहीणबाई मोतिया रंगाची. नंदा घरच्या गाऊनवरच आली, पण मजा बघायचा तिचा उत्साह दोघींपेक्षा जास्त.

“अय्या, एवढीशीच?” विहीणबाई म्हणाल्या.

“मिरची लहानच असते,” मालन म्हणाली, जणू बी तिनेच पेरलं होतं.

शेठनी गाडी चालू केली आणि बोटभर पुढे घेऊन लिंबं चिरडली. फट्, फट्. आवाज आला तो लिंबांचाच, गाडीचा नाहीच. शेठ उतरले. आता बोनेटला कुंकू लावून मालनने मागे व्हायचं, एवढंच काम. पण विहीणबाई बघत होत्या.

“स्टिअरिंगला कुंकू लावायला हवं,” मालन म्हणाली. “हत्याराची पूजा मुठीला करतात. आमच्याकडे रंधासुद्धा मुठीला पुजतात.”

“काकी, आत बसायला जरा त्रास होतो हं,” शेठ म्हणाले.

“इश्श! मी नेहमी—” इथे तिने जीभ चावली, पण तोवर दार उघडलं होतं. दार उघडायला आतून मूठही नाही, नुसती कापडाची पट्टी. वजन कमी ठेवायचं म्हणून म्हणे. मालनच्या माहेरच्या ट्रंकेला पितळी कडी होती.

ती आत बसली. बसली म्हणजे पोचली. सीट कुठेतरी खाली होती, घंगाळासारखी खोल, आणि एकदा मालन तिच्यात उतरली तशी सीटने तिला दोन्ही बाजूंनी धरलं. गुडघे हनुवटीशी आले. तिने कसंबसं स्टिअरिंगला कुंकू टेकवलं आणि उठायला गेली. उठता येईना. पुन्हा जोर केला, तर अजून खाली गेली.

“मालन, ये की बाहेर,” नंदा म्हणाली.

“येतेय. बघतेय जरा.”

“काय बघतेस? लोणच्याच्या बरणीत शेवटची फोड राहावी तशी दिसतेस!”

मालनने आधारासाठी हात टाकला. एकदा इकडे, एकदा तिकडे. कुठेतरी बोट दाबलं गेलं. सुंऽऽ करून बारीक आवाज झाला, आणि गाडीचं नाक हळूच वर उठलं. झेंडूचा हार मागे सरकला. चार बोटं, पाच बोटं. चिरडलेल्या लिंबांवरून गाडीने नाक उचललं आणि तशीच थांबली, जणू वास आला असावा.

बाळाच्या हातात नारळ होता. तो त्या उचललेल्या नाकाकडे बघत होता. मग त्याने फाटकाकडे बघितलं, बाहेरच्या स्पीडब्रेकरकडे, आणि परत नाकाकडे. हिशेब सोपा होता. मालनला आत बसल्या बसल्या, त्या घंगाळात, तो कळला. हे बटन असेल तर फळ्या कशाला? आणि फळ्या नकोत तर बाळा कशाला?

विहीणबाईंना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी कौतुकाने विचारलं, “व्याहीबुवा, हे बटन तुम्ही चालवताना कधी दाबता हो?”

‘चालवताना’. बाळाने मालनकडे बघितलं. एका मिनिटात त्याला दोन गोष्टी कळल्या. एक, की गाडीला तो लागतच नव्हता. दुसरी, की बायकोने त्याला मुलुंडभर ड्रायव्हर करून ठेवलं होतं. मालनने डोळे मिटून घेतले.

“गरजच नाय पडली कधी,” बाळा म्हणाला, आणि नारळ फोडला.

नंदा आणि मृणालिनीने मिळून मालनला बाहेर ओढलं. घंगाळातून काढलेल्या बाईला जांभळी साडी फार शोभत नाही.

घरी आल्यावर बाळाने ओरडावं, असं मालनला फार वाटत होतं. ओरडला असता तर तिला उत्तरं देता आली असती, उत्तरांची तिच्याकडे कधी कमी नव्हती. गोणपाट खिळ्यांसकट उपटून त्याने फळ्या पुसल्या, खाटेत बसवल्या आणि म्हणाला, “घे. तुझी खाट तुका.”

“अहो, मी त्यांना नुसतं...”

“तां सोड गो. ड्रायव्हर केलंस तर केलंस.” तो खिडकीपाशी जाऊन बसला. “इतके म्हयने खुळ्यासारखो पुढे चललंय. लोक हसत असतले. ‘बटान आसा, तरी म्हातारो फळ्यो घेऊन नाचता.’”

नोकरी गेली असती तर चाललं असतं, गिरणी गेली तेव्हाही दोघं जगलीच. पण हे वेगळं होतं. खिडकीजवळ तो पुन्हा तसाच बसला होता, गंज चढायच्या वेळी बसायचा तसा. आणि ह्या वेळी गिरणीचा मालक नव्हता, खोक्यातलं कपाट नव्हतं. तिच्याच बोटाने केलं होतं. साठ वर्षं भाकऱ्या थापून ज्या बोटाला कधी कोणी विचारलं नाही, त्याने एकदाच काहीतरी मोठं करून दाखवलं, ते हे.

दुसऱ्या दिवशी ती पूजेचं तबक परत द्यायच्या निमित्ताने मृणालिनीकडे गेली. भांडायचंच होतं, पण तिथल्या सोफ्यातही ती आत गेली आणि भांडायचा आवेश तिथेच बुडाला. म्हणून तिने सरळ विचारलं.

“ताई, ते बटन तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच संध्याकाळी सापडलं, काकी. हर्षद लगेच म्हणाला, उद्यापासून काकांना कशाला त्रास? मी म्हटलं, ते बटन दाबलंस तर किल्ली खाडीत टाकेन.”

“का बरं?”

“तुम्हाला काय सांगू! हा माणूस मोकळा रस्ता दिसला की वेडा होतो. गल्लीत पोरं खेळतात, म्हातारी माणसं असतात, आणि गाडीचा आवाज येत नाही. काका पुढे चालतात म्हणून तो त्यांच्या मागे चालतो. त्यांना मागे टाकायची त्याची हिंमत नाही. फळ्यांचं निमित्त हो! मला काका पुढे हवे होते. रविवारी ते पुढे चालताना दिसले की मी चहा पिते. तोवर नाही.”

मालन धावत घरी आली. धावत म्हणजे तिच्या वयाला जमेल तशी, मध्ये दोनदा कठड्याला धरून. सगळं बाळाला सांगितलं. शब्दाला शब्द, एकही तिखटमीठ न लावता, आणि एवढी संयमाची गोष्ट तिने उभ्या जन्मात केली नव्हती.

बाळाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “कांजूरमार्गाक जाऊन परत येईसर तुझी पोळी तव्यारच असता, होय ना?”

विहीणबाईंनी निघताना त्याला सगळं सांगितलं होतं तर.

“अहो, हे खरं आहे!”

“आसात.”

जन्मभर मारलेल्या थापा मालनला इतक्या महाग कधी पडल्या नव्हत्या. एकदाच खरं बोलायची वेळ आली, तर ते खपवायला दुकानच उरलं नव्हतं.

रविवार आला. बाळाने दाढी केली नाही. मालन खाटेवर बसून होती, मुद्दाम फळ्यांवरच, उठायला सांगेल म्हणून. तो सांगेना. खाली टॉवरच्या पार्किंगमधून नारिंगी नाक बाहेर आलं. उचललेलं होतं. मालनने खिडकीतून पाहिलं. झालं. गेली.

पण गाडी फाटकातच थांबली. फाटक बंद होतं, आणि फाटकाला पाठ लावून, कमरेवर हात ठेवून मृणालिनी उभी होती.

“मृणालिनी, उघड ना गं. नाक उचललंय ना?”

“नाक तुझं उचललंय. काका कुठे आहेत?”

“ते येत नाहीत तर मी काय करू?”

“मग तूही जाऊ नकोस.”

“अगं, दुधाची गाडी मागे थांबलीय!”

“थांबू दे. दूध नासेल, माणूस तरी नाही नासणार.”

दुधाची गाडी हॉर्न मारायला लागली. बाहेर गल्लीतली पोरं बॅटी टाकून फाटकाशी जमली. केळीवाला गाडी सोडून आला. नंदा खाली उतरली होतीच, कुठे काही घडणार असेल तर ती जिना दोन पायऱ्यांनी उतरायची. तिने मान वर करून हाक मारली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी:

“ओ बाळादादा! नवरी मांडवात उभी आहे आणि तुम्ही रुसून बसलाय होय? रुसायचा मान वरमायचा असतो! या खाली!”

“काका!” शेठनी खिडकीतून डोकं काढलं. रेसच्या गाडीच्या खिडकीतून डोकं काढणं सोपं नसतं, अर्धंच निघालं. “प्लीज या हो! ही मला जाऊ देणार नाही!”

बाळा खिडकीपाशी आला. खाली त्याने सगळं पाहिलं. फाटकाला टेकलेली मृणालिनी, अडलेले शेठ, उभी राहिलेली पोरं. मग त्याने मालनकडे पाहिलं. तिने तोंडातून एक अक्षर काढलं नाही. त्याला फार वर्षांनी कळलं असावं की ही गप्प बसते तेव्हा खरं बोलत असते.

“उठ गो,” तो म्हणाला.

इतक्या आनंदाने मालन आजवर कुणाच्या लग्नालाही उठली नव्हती. तिने स्वतः गादी गुंडाळली. एक फळी स्वतः उचलून द्यायला गेली आणि पायाच्या अंगठ्यावर पाडून घेतली, पण त्याबद्दल ती दुपारपर्यंत ओरडली नाही.

बाळा खाली गेला. मृणालिनीने फाटक उघडलं. त्याने पहिल्या स्पीडब्रेकरला फळ्या लावल्या, पायाने दाबून पाहिल्या आणि शेठकडे बघितलं. नाक अजून वरच होतं. शेठनी आत काहीतरी केलं. सुंऽऽ करून नाक खाली आलं, पूर्ण खाली, पहिल्या दिवशी होतं तितकं. आता फळ्यांशिवाय जाणं शक्यच नव्हतं.

“येवा,” बाळा म्हणाला. “बाजू, बाजू! रे पोरा, स्टंप उचल!”

मागच्या शिमग्यानंतर शेठची कंबर धरली. डॉक्टरने सांगितलं, एवढ्या खाली बसायचं नाही. मालनने स्वतःच्या कमरेवर हात ठेवून नंदाला सांगितलं, हे मी दसऱ्यालाच सांगू शकले असते. गाडी हैदराबादला कुणीतरी घेतली. न्यायला बंद ट्रक आला, पण तो गल्लीत शिरेना, म्हणून हायवेवर उभा राहिला.

रविवार नव्हता, तरी बाळाने दाढी केली. “उठ गो,” म्हणाला. मालन उठली. विहीणबाईंचा सकाळी फोन आला होता, गाडी विकली म्हणे, आता व्याहीबुवा काय चालवणार? मालनने जीभ दातांत घट्ट धरून सांगितलं, “ते चालवत नव्हते हो. ते पुढे चालायचे. चालवण्यापेक्षा ते अवघड.” विहीणबाई गप्प झाल्या, आणि ती शांतता थापेनंतरच्या शांततेहून जास्त वेळ टिकली.

खिडकीतून मालनला चारही स्पीडब्रेकर दिसतात. बाळा पुढे, काखेत फळ्या. मागे नवरी, नाक खाली. पहिला, दुसरा. केळीवाल्याने न सांगता गाडी बाजूला घेतली. तिसरा. पोरांनी स्टंप उचलले. चौथा. पुढचं नंदाने येऊन सांगितलं. ट्रकला स्वतःची लोखंडी फळी होती. बाळाने तिला पायाने दाबून पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मगच म्हणाला, “येवा.” गाडी आत गेली, दार लागलं. बाळा टपरीवर चहा प्यायला बसला. फळ्या भिंतीला टेकवून. परत यायची वाट बघायची नव्हती, तरी नेहमी बसतो तेवढा वेळ बसला.

मग तो वर आला. एका काखेत फळ्या, दुसऱ्या हातात पाव आणि कोथिंबीर.

“कोथिंबीर बरी नव्हती,” तो म्हणाला, “तरी हाडली.”

गादी उचलून त्याने दोन्ही फळ्या आपापल्या जागी बसवल्या, उताराची टोकं पायथ्याकडे. मुठीने दोनदा ठोकून बघितलं.

“बस बघू.”

मालन बसली.